लाकूड बोलतं म्हणे!

अ‍ॅश, आल्डर, मेपल, महोगनी, रोजवूड, एबनी. यादी वाचून वाटेल, कुणीतरी घर बांधायला काढलंय आणि वखारीत भाव विचारत फिरतंय. प्रत्यक्षात ही इलेक्ट्रिक गिटारवाल्यांच्या गप्पांची यादी आहे. महोगनीचा आवाज उबदार, मेपलचा लख्ख, आल्डरचा समतोल, अ‍ॅशचा खणखणीत. बासवुडचं नाव निघालं की मात्र चेहरे पडतात, जणू लग्नाच्या बोलणीत मुलाचा पगार विचारला आणि तो कमी निघाला. या खानदानी लाकडांना त्यांनी एक नावही दिलंय, 'टोनवुड'. म्हणजे सूर देणारं लाकूड.

गाडी लाकडावर थांबत नाही. लाकडावरचं पॉलिश कोणतं, स्क्रू पितळेचे की पोलादाचे, गिटारच्या पोटातला चिमुकला कपॅसिटर कोणत्या सालातला, केबलमधलं तांबं किती शुद्ध, पायाखालच्या पेडलमधली बॅटरी कोणत्या कंपनीची, यावर शिकली-सवरलेली माणसं रात्र रात्र वाद घालतात. गिटार तेवढा वेळ भिंतीला टेकून उभी असते.

मी गिटार वाजवत नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे विशेषणांशी माझा रोजचा संबंध. विशेषण नामाबद्दल विशेष माहिती सांगतं, हे मी मुलांना वीस वर्षं सांगत आलोय. गिटारवाल्यांची विशेषणं ऐकली तेव्हा मात्र मी चक्रावलो. त्यांचा आवाज मलईदार असतो, लोण्यासारखा असतो, काचेसारखा असतो, कोरडा असतो, ओला असतो. एक प्रसिद्ध आवाज तर चक्क तपकिरी आहे! हे ऐकून गिटार वाजवायची असते की पावाला लावायची, हेच कळेना. उर्दूच्या उस्तादांनी उपमांचे डोंगर रचले, पण तपकिरी आवाज त्यांनाही सुचला नाही.

या जगाशी माझी ओळख करून दिली भाच्याने. इंजिनिअरिंगला आहे. आठ महिने तो गिटार 'घेत होता'. दर रविवारी घरी यायचा, बिर्याणी खायचा आणि मला लाकडं समजावून सांगायचा. त्याच्याकडे मित्राची जुनी गिटार होती, पण तिच्यावर त्याचं मन बसत नव्हतं. म्हणायचा, "मामू, हिची बॉडी बासवुडची आहे. टोनमध्ये जानच नाही."

मी विचारलं, "बेटा, तुला किती कॉर्ड येतात?"

"चार. एफ अजून नीट दाबला जात नाही."

आता एफ कॉर्ड दाबला जात नाही, यात बासवुडचा काय दोष? पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. "मामू, तुम्हाला नाही कळायचं" हे उत्तर तयार होतं. म्हणून मी विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या सहकारी शिक्षकांना गाठलं आणि इलेक्ट्रिक गिटार आवाज कसा काढते ते समजून घेतलं.

गोष्ट सोपी आहे. तारांच्या खाली चुंबक असतो आणि चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. याला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेने १८३१मध्ये दाखवलेलं हे तत्त्व. ती वीज केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते आणि स्पीकर तिचा आवाज करतो. पोलादी तार काढून तिथे नायलॉनची तार लावा आणि कितीही जोरात छेडा, चुंबकाच्या पिकअपला काही म्हणजे काही ऐकू येणार नाही. नायलॉन त्याला कळत नाही. लाकूडही कळत नाही.

टोनवुडवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. तारेची दोन टोकं शेवटी लाकडावरच टेकलेली असतात. गिटारचा गळा स्वतः थरथरून तारेची थोडी ताकद खातो, म्हणून काही गिटारींवर एखाद्या ठिकाणचा सूर लवकर विझतो. त्याला 'डेड स्पॉट' म्हणतात आणि तो मोजता येतो. तेव्हा लाकडाचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. पण तारा जुन्या की नव्या, पिकअप तारेच्या किती जवळ, अ‍ॅम्प्लिफायर कोणता, स्पीकर कोणता आणि मुख्य म्हणजे बोटं कुणाची, या सगळ्यांच्या रांगेत लाकूड फार मागे उभं आहे. नॅशव्हिलच्या जिम लिल या वादकाने तर गिटारच काढून टाकली. दोन टेबलांच्या मध्ये नुसत्या तारा ताणल्या, खाली योग्य अंतरावर पिकअप धरला आणि वाजवून दाखवलं. आवाज त्याच्या महागड्या गिटारीसारखाच आला. लाकडाच्या जागी हवा होती. आता हवेचीही जात शोधायला कुणी निघालं नाही म्हणजे मिळवली.

या वाद्याचा इतिहास वाचला की जास्त गंमत येते. १९४०च्या सुमारास लेस पॉल या वादकाने न्यूयॉर्कमध्ये चार इंच बाय चार इंचाचा पाइनचा ओंडका घेतला, त्यावर तारा आणि पिकअप बसवला आणि त्याला नावही 'लॉग', म्हणजे ओंडका, असंच दिलं. वाजायला तो छान होता, पण लोकांना ती गिटार वाटेना. मग त्याने एका साध्या गिटारीचे दोन अर्धे तुकडे ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे लावले. तारा त्याच, पिकअप तोच, ओंडका तोच. समाधान झालं ते डोळ्यांचं. टोनवुडचा सगळा वाद या एका प्रसंगात सामावलेला आहे, असं मला वाटतं.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला आयुष्यभर गिटार वाजवता आली नाही. त्याने १९५०मध्ये फळीची गिटार बाजारात आणली आणि १९५४मध्ये 'स्ट्रॅटोकास्टर'. लाकूड निवडताना त्याने पाहिलं ते एवढंच, की सहज मिळेल, परवडेल आणि यंत्रावर नीट कापलं जाईल. गळा स्क्रूने जोडला, म्हणजे बिघडला तर बदलता यावा. रंग लावला तो मोटारींचा. आज त्याच मोटारीच्या रंगाबद्दल भक्त सांगतात की तो रंग लाकडाला श्वास घेऊ देतो. झाड कापून, वाळवून, रंधून, भोकं पाडून झाल्यावर आता त्याच्या श्वासाची काळजी!

डॅनइलेक्ट्रो नावाच्या कंपनीने १९५०च्या दशकात याहून पुढची मजल मारली. लाकडी चौकटीवर मॅसोनाइट, म्हणजे भुसा दाबून केलेला पत्रा, आणि पिकअपचं कवच म्हणून लिपस्टिकच्या नळ्या. गरिबाची गिटार. पुढे लेड झेपेलिनच्या जिमी पेजने तीच वाजवली. आज 'लिपस्टिक पिकअपचा खास आवाज' म्हणून लोक त्यासाठी वेगळे पैसे मोजतात.

गिब्सनच्या 'लेस पॉल' गिटारीची गोष्ट तर वर्गात सांगावी अशी आहे. १९५८ ते १९६० या काळातल्या या गिटारी तेव्हा फारशा खपल्या नाहीत, म्हणून कंपनीने तो आकारच बंद केला. आज त्यांची किंमत कोटींत आहे. त्यांच्यातल्या पिकअपवर एक चिठ्ठी चिकटवलेली असे: पेटंटसाठी अर्ज केला आहे. या चिठ्ठीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या पिकअपला 'पीएएफ' म्हणतात आणि त्या चिठ्ठीपुढे लोक नतमस्तक होतात. पुढे पेटंट मिळालं, तेव्हा कंपनीने चिठ्ठीवर नंबर छापला. तो होता लेस पॉलच्या तारा अडकवायच्या पट्टीच्या पेटंटचा. म्हणजे ज्या चिठ्ठीवर श्रद्धा आहे, तिच्यावर आधी नंबरच नव्हता आणि नंतर होता तो दुसऱ्याच वस्तूचा.

एवढ्यावरही कुणी म्हणेल, "सर, कान तयार लागतो. आम्हाला फरक ऐकू येतो." ठीक आहे, मग परीक्षा घेऊ. आम्ही मास्तर लोक परीक्षेला मानतो आणि परीक्षेत नाव झाकून पेपर तपासला की भल्याभल्यांची मतं बदलतात, हेही जाणतो.

व्हायोलिनच्या जगात अशी परीक्षा झाली. स्ट्रॅडिव्हेरियसचं व्हायोलिन म्हणजे तीनशे वर्षांचं लाकूड. क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये इंडियानापोलिसला २१ वादकांच्या डोळ्यांवर वेल्डरचे काळे चष्मे चढवले आणि जुनी-नवी सहा व्हायोलिनं हातात दिली. बहुतेकांनी नवं पसंत केलं. सगळ्यात नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. दोन वर्षांनी फ्रान्समध्ये दहा नामवंत एकलवादकांना घेऊन पुन्हा तोच प्रयोग झाला. दहापैकी सहा जणांनी नवं वाद्य निवडलं.

गिटारचीही परीक्षा झाली. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एका कारागिराकडून सहा अकूस्टिक गिटारी बनवून घेतल्या. सगळं सारखं, फक्त पाठ आणि कडांचं लाकूड वेगळं. त्यात दुर्मीळ ब्राझिलियन रोजवूड होतं, आपलं भारतीय रोजवूड म्हणजे शिसवी होतं, महोगनी होतं, स्वस्त लाकडंही होती. लाकूड दिसणार नाही अशी व्यवस्था करून ५२ गिटारवादकांना ती वाजवायला दिली. २०१८मध्ये निष्कर्ष आला: वादकांनी सगळ्या गिटारींना जवळपास सारखेच गुण दिले आणि कोणती कुठली, हे त्यांना खात्रीने ओळखता आलं नाही. ही अकूस्टिक गिटार होती, जिथे लाकूड खरोखर थरथरून आवाज करतं. इलेक्ट्रिकचं तर विचारूच नका.

अकूस्टिक गिटारमध्ये वरची फळी महत्त्वाची, हे मात्र खरं. स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेस या थोर कारागिराने १८६२मध्ये तेच सिद्ध करायला एक गिटार बनवली. वरची फळी चांगल्या लाकडाची, पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या. ती आज बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. अमेरिकेतल्या बॉब टेलर यांनी १९९५मध्ये माल वाहण्याच्या जुन्या लाकडी पॅलेटची गिटार केली आणि फॉर्कलिफ्टचं चित्र तिच्यावर जडवलं. कसबी हात असला की टाकाऊ लाकूडही गातं, एवढंच त्याला सांगायचं होतं.

मग वस्तूने आवाज बदलतच नाही का? बदलतो. आणि इथेच मला या सगळ्या प्रकरणातली खरी गोष्ट सापडली. आवाज बदलणाऱ्या वस्तू बहुतेक वेळा कवडीमोलाच्या असतात.

बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. त्याने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर जुन्या चामड्याच्या जॅकेटचे तुकडे चिकटवले. जाड तारा दुखायच्या म्हणून बारीक लावल्या, पुढे त्या सैल करून खालच्या सुरात लावल्या. त्यातून 'ब्लॅक सॅबथ'चा तो जड, काळोखा आवाज घडला आणि हेवी मेटल नावाचा संगीतप्रकार उभा राहिला. साबणाची बाटली आणि फाटकं चामडं. यादीत महोगनी कुठे?

'क्वीन'च्या ब्रायन मेने १९६३मध्ये वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवायला घेतली. गळा जुन्या शेकोटीच्या लाकडाचा, त्यातली किड्यांची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या, दांड्याचं टोक आईच्या विणकामाच्या सुईचं. तो वाजवतो सहा पेन्सच्या नाण्याने. तीच गिटार त्याने आयुष्यभर जगभरच्या मैदानांत वाजवली.

आणि आपल्याकडे मिरज आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली आणि त्यांच्या वंशजांचं आडनावच सतारमेकर झालं. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर पंढरपूरकडचा भोपळा पारखून घेतो, लाकूडही पारखतो. साहित्याची कदर त्याला कुणाहूनही जास्त आहे. पण तानपुरा जिवंत होतो तो जवारीने. घोडीचा माथा कानसून कानसून असा बेताचा उतरता करायचा, की तार त्याला हलकेच चाटून जाईल. मग तारेखाली दोरा सरकवायचा. साधा शिवणाचा दोरा. तो केसभर पुढे-मागे झाला की अख्ख्या तानपुऱ्याचा आवाज उघडतो किंवा मिटतो. सगळ्या तानपुऱ्यात सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आणि सगळ्यात जास्त बोलते तीच. पण दोरा सरकवायला कान लागतो आणि कान विकत मिळत नाही.

उर्दू खुशखतातही हेच आहे. बोरूची काडी फुकटात मिळते. अक्षराची नजाकत ठरते ती तिला दिलेल्या तिरप्या कापावर, ज्याला आम्ही 'कत' म्हणतो. तो काप द्यायला हात बसायला लागतो. माझ्या वर्गात महागडं पेन आणणाऱ्या मुलांचं अक्षर त्यामुळे सुधारल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

आतापर्यंत हसलो. पण या वेडाची किंमत कुणीतरी चुकवत असतं, म्हणून हा लेख.

पहिली किंमत जंगलांनी चुकवली. ब्राझिलियन रोजवूड इतकं तोडलं गेलं की १९९२पासून 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराने त्याचा व्यापार जवळपास बंद केला. २०१७मध्ये आपल्या शिसवीसकट रोजवूडच्या सगळ्या जातींवर निर्बंध आले; तयार वाद्यांना त्यातून २०१९मध्ये सूट मिळाली. मादागास्करहून आलेल्या एबनीच्या प्रकरणात गिब्सन कंपनीने २०१२मध्ये अमेरिकी सरकारशी समझोता करून ३ लाख डॉलरचा दंड भरला. वाजवताना जे लाकूड ओळखता येत नाही, त्यासाठी ही झाडं गेली.

दुसरी किंमत मी माझ्या वर्गात पाहिली. आमच्या शाळेत गॅरेजवाल्याचा एक मुलगा होता. बाकावर बोटांनी असा ठेका धरायचा की मी शिकवता शिकवता थांबायचो. त्याला गिटार शिकायची होती. बापाने ओव्हरटाइम करून पाच हजार जमवले. दोघं दुकानात गेले. तिथल्या विक्रेत्याने सांगितलं, या किमतीत प्लायवुडच मिळेल, त्यात काही टोन नसतो, शिकायचंच असेल तर निदान पंधरा हजारांची घ्या. बाप-लेक परत आले. दहा हजारांचा फरक भरून निघेपर्यंत मुलगा दहावी होऊन गॅरेजमध्ये बसला. त्याला गिटार आली असती की नाही, देव जाणे. पण लाकडाच्या गप्पांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. ज्यांच्याकडे चार गिटारी आहेत त्यांच्यासाठी टोनवुड हा विरंगुळा आहे. ज्याच्याकडे एकही नाही त्याच्यासाठी ती भिंत आहे. आणि दैव बघा, हे वाद्य मोठं झालं तेच ओंडके, भुशाचे पत्रे आणि साबणाच्या बाटल्यांवर!

आपल्या समाजात हुन्नर कमी नाही, पैसा कमी आहे. म्हणून आई-बापांना माझं सांगणं आहे. मूल गिटार मागत असेल तर प्लायवुडची घ्या. दमट हवेत ती एकसंध लाकडापेक्षा कमी वाकते, हा तिचा गुण आहे. घेताना एवढंच बघा: तारा गळ्यापासून फार उंच नाहीत ना, नाहीतर कोवळी बोटं सोलून निघतील, खुंट्या सूर धरून ठेवतात ना, कुठल्या पट्टीवर तार खरखरत नाही ना. अधूनमधून तारा बदला. उरलेले पैसे शिकवणाऱ्याला द्या.

आणि विक्रेता लाकडाचं कुळ सांगू लागला, तर त्याला म्हणा, "बरं, मी पाठ फिरवून उभा राहतो. तुम्ही दोन्ही वाजवा. कुठली पाचची आणि कुठली पंधराची, हे मला कानाने कळलं, तर पंधरा देतो." कळलं तर खुशाल द्या. नाही कळलं तर दहा हजार वाचले. त्यात मुलाची बरेच महिन्यांची शिकवणी होते.

भाच्याने शेवटी मित्राचीच बासवुडची गिटार दीड हजारात घेतली. एफ कॉर्ड आता दाबला जातो. टोनमध्ये जान आली का, ते मी विचारलेलं नाही.